तीन धुण्यांनंतर बोला

सोलापुरात चादर घेणारा माणूस आधी ती उजेडात धरतो. मग तळहातावर टाकून वजन अजमावतो, काठ ओढून बघतो, ओल्या बोटाने कोपरा चोळून रंग हाताला लागतो का ते पाहतो आणि शेवटी वास घेतो. एवढं झाल्यावर दुकानदाराला वाटतं, आता पसंत पडली. गिऱ्हाईक म्हणतं, "पहिल्यासारखी राहिली नाही हो." आणि चार घेऊन जातं.

आमचे अण्णा चादरीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर उभं राहून निवृत्त झाले. तेव्हापासून ते उरलेलं जग तपासतात. घरात आलेला फ्रीज, मोबाइल, आंब्याची पेटी, सगळं त्यांच्या हाताखालून चादरीसारखंच जातं. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीतच बसवलं होतं, ते वाऱ्यासाठी नव्हे. त्यांचा नियम एकच: कुठल्याही मालाचा निकाल पहिल्या दिवशी द्यायचा नाही. "तीन धुण्यांनंतर बोला." २००५ साली सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावभर कौतुक झालं. अण्णांनी बातमी वाचून चष्मा काढला आणि विचारलं, "देण्याआधी कुणी धुऊन बघितली का?"

अशा घरात गेल्या दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून एक खोकं आलं. पाठवणारा माझा शाळेतला मित्र. त्याला नुसतं मित्रच म्हणतो, कारण पुढे त्याची अब्रू जाणार आहे. खोक्यात निघाला हीमॅन. नवाकोरा, पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्यात, मागे भडक रंगाचा पुठ्ठा. सोबत चिठ्ठी: "जुन्याशी ताडून बघ. उघडू नको बे."

ज्यांचं बालपण ऐंशीच्या दशकात गेलं त्यांना हीमॅन सांगायला नको. दूरदर्शनवर तो तलवार उंचावून गर्जना करायचा आणि गल्लोगल्ली आम्ही फूटपट्ट्या उंचावून करायचो. बाकीच्यांसाठी थोडक्यात इतिहास. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीला 'स्टार वॉर्स' सिनेमाची खेळणी काढायची संधी आली होती. ती तिने सोडली. केनर नावाच्या दुसऱ्या कंपनीने ती घेतली आणि पावणेचार इंची बाहुल्यांवर पैशांच्या राशी रचल्या. आपल्याकडे प्रत्येक घरात एक काका असतात, ज्यांना होटगी रोडची जागा मातीमोलाने मिळत होती आणि त्यांनी "तिकडं कोण राहायला जाणार?" म्हणून सोडली. मॅटेल म्हणजे ते काका. फरक एवढाच, की आमचे काका आजही लग्नाच्या पंगतीत ती जागा सांगतात आणि मॅटेलने १९८२ मध्ये साडेपाच इंचाचा हीमॅन काढून दुःखावर उतारा शोधला. भारतात तो लिओच्या शिक्क्याने मिळायचा.

मला तो मिळाला १९८९ साली. चौथीच्या स्कॉलरशिपला बसलो होतो. "मिळाली तर हीमॅन" असा करार होता. स्कॉलरशिप मिळाली नाही, पण मी इतका रडलो की हीमॅन मिळाला. नवी पेठेतल्या दुकानात अण्णांनी त्याला पुठ्ठ्यासकट उजेडात धरलं. सोनेरी केस, पिळदार दंड, छातीवर राखाडी पट्टे, कमरेला केसाळ कातडं आणि पायात बूट. बाकी काही नाही. दुकानदाराने किंमत सांगितली. अण्णा जन्मभर सुतात वावरलेला माणूस. ते म्हणाले, "एवढ्या पैशात डबल चादर येते. ह्याच्या अंगावर वीतभर कापड नाही!"

तसा स्वस्तातला हीमॅन गावात मिळत होता. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरली की होम मैदानावर त्याचे चुलतभाऊ ओळीने टांगलेले असत. पोकळ प्लास्टिक, दाबलं की पोट आत जायचं आणि टिचकन आवाज करून बाहेर यायचं. एकाचं तोंड निळं, दुसऱ्याला मिश्या. मिशीवाला हीमॅन मी एकदा घेतला होता. नंदीध्वजाची मिरवणूक बघून घरी पोचेपर्यंत त्याचा एक हात गर्दीला अर्पण झाला होता.

माझ्या मित्राला स्केलेटर मिळाला. स्केलेटर म्हणजे कवटीच्या तोंडाचा निळा खलनायक. दोघांना शेजारी ठेवलं तेव्हा पहिली गोची आमच्या लक्षात आली: छाती तीच, दंड तेच, मांड्या त्याच. आम्ही अण्णांना दाखवलं. त्यांचा चेहरा त्या दिवशी प्रथम उजळला. "अरे, डिझाइनचे पुठ्ठे तेच आहेत! जकार्डवर एकदा पुठ्ठे चढवले की त्यावर लाल चादर काढा नाहीतर निळी. सूत बदलायचं, झालं." पुढे कळलं की त्या कंपनीने खरोखरच एका धडावर अर्धं सैन्य उभं केलं होतं. हीमॅनचा वाघ तर आणखी जुना माल: बिग जिम नावाच्या आधीच्या बाहुल्याबरोबर निघालेला वाघ गोदामात होता, त्याच साच्यातून हिरवा काढला, नारिंगी पट्टे मारले आणि रणांगणात सोडला. अण्णांच्या मनातलं हीमॅनबद्दलचं वितुष्ट तिथे संपलं. "नागडा असला तरी कारखाना शहाण्या माणसाचा आहे," असं त्यांनी आईला सांगितलं.

आता नवा आणि जुना शेजारी ठेवायचे म्हणजे आधी जुना सापडायला हवा. तो माळ्यावरच्या ट्रंकेत एका चादरीत गुंडाळलेला निघाला. ती चादर १९८० च्या आधीची. आमच्याकडे चादर मरत नाही, तिची बदली होते. पलंगावरून गोधडीच्या पोटात, तिथून इस्त्रीच्या टेबलावर, मग स्कूटरवर, आणि सेवाज्येष्ठतेने माळ्यावर.

हीमॅनची अवस्था मात्र बिकट होती. जुन्या हीमॅनचे दोन्ही पाय पोटातल्या एका रबराला अडकवलेले असतात. ३६ वर्षांत त्या रबराने प्राण सोडला होता. त्यामुळे त्याला उभं केलं की तो खुब्यातून सरळ बसायचा, आमच्या शेजारच्या आजोबांसारखा, आणि बसला की उठायचा नाही. छातीवरचे पट्टे गायब. नाकाचा रंग गेलेला. डाव्या बुटावर दातांचे ठसे. ते माझे की बहिणीचे यावर घरात आजही एकमत नाही. आणि हातात अर्धी तलवार, तीही जांभळी.

तलवारीची गोष्ट मागाहून. आधी तपासणी.

अण्णांनी जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला. एका बाजूला जुना, दुसऱ्या बाजूला नवा, पुठ्ठ्यात बंद. २०२० पासून कंपनीने 'ओरिजिन्स' या नावाने ही नवी मालिका काढली आहे. तिची युक्ती अशी की बघायला १९८२ चाच, पण आतून दुरुस्त केलेला. पहिल्या हीमॅनला सहा सांधे: मान, दोन खांदे, कंबर, दोन खुबे. नव्याला १६. कोपर वळतं, मनगट फिरतं, गुडघा वाकतो, घोटासुद्धा हलतो.

पहिला मुद्दा, वजन. आईने एका हातात जुना घेतला, दुसऱ्या हातात नवा पुठ्ठ्यासकट, आणि डोळे मिटून सांगितलं, "जुनाच जड आहे. तेव्हाचं प्लास्टिकच वेगळं." मी जुना हलवून पाहिला. आत काहीतरी खुळखुळलं. सैल पडलेल्या खुब्यातून चिमट्याने काढलं तर शेंगदाणा निघाला. सोलापुरात शेंगदाणा कुठेही निघू शकतो, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पण आईने शेंगदाणा वगळून पुन्हा वजन करायला नकार दिला. "ज्यात जे मुरलं ते त्याचंच."

दुसरा मुद्दा, रंग. नव्याचे केस हळदीसारखे पिवळेधमक. जुन्याचे साबुदाण्याच्या खिचडीसारखे. बायको म्हणाली, "नवा जास्त चांगला दिसतो." अण्णा म्हणाले, "दुकानात सगळेच चांगले दिसतात." यावर बायकोने माझ्याकडे का पाहिलं ते मी विचारलं नाही.

तिसरा मुद्दा, कंबर. इथे जुन्याची बाजू भक्कम होती. त्याच्या कमरेत स्प्रिंग. धड पिळून सोडलं की गर्रकन परत यायचं आणि मूठ समोरच्याला बसायची. या ठोशाने मी तेव्हा बहिणीची बाहुली, आजोबांचा चष्मा आणि भरलेली शेंगाचटणीची वाटी असे तीन शत्रू लोळवले होते. रबर गेलं तरी स्प्रिंग जिवंत होती. मी धड पिळलं, सोडलं. मूठ फिरली आणि पाय टेबलाखाली पडले. नव्याच्या कमरेत स्प्रिंगच नाही. कंबर नुसती फिरते, फॅशन शोमधल्यासारखी. नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "म्हणजे हा मारत नाही?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग एवढे मसल्स कशाला?"

चौथा मुद्दा माझ्या वर्मावर आला. गुडघे. जुन्याला गुडघे शोभेचे; साच्यातच किंचित वाकवलेले आणि मग कायमचे तसेच. नव्याचे खरे. आणि मी? १९८९ साली मी जमिनीवर उकिडवा बसून तासन् तास न वाकणाऱ्या हीमॅनशी खेळत होतो. आज वाकणारा हीमॅन आला आहे आणि डॉक्टरांनी मला मांडी घालायची नाही असं सांगितलं आहे. आम्हा दोघांचे मिळून गुडघे तेवढेच राहिले; फक्त हस्तांतर झालं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा अण्णांनी वहीत लिहिलं: "परीक्षकाचा माल खराब."

ते खरंही होतं. जुन्या-नव्याच्या न्यायालयात न्यायाधीश नेहमी जुन्याचा नातेवाईक असतो. आमच्या गावाला तर ही खोड फार. १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या इथल्या पहिल्या कापडगिरणीला सगळे 'जुनी मिल' म्हणतात. ती सुरू झाली तेव्हा नवीच असणार, पण तसं कुणाला आठवत नाही. गिरणी बंद पडून पिढ्या गेल्या, तरी रिक्षावाल्याला "जुनी मिल" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. उलट 'नवी पेठ' म्हातारी झाली तरी तिला नवी म्हणायचं सोडायला कुणी तयार नाही. चटणी मिक्सरची की उखळातली यावर आमच्याकडे लग्नं मोडायची वेळ येते. तेव्हा "जुनाच चांगला" हा निकाल मी पुठ्ठा न उघडताही देऊ शकलो असतो.

पण उघडायचाच नाही, हीच तर मित्राची अट होती. मी फोन केला.

"काय करलालास बे? उघडला नाहीस ना?"

"उघडल्याशिवाय ताडून कसा बघू?"

"बाहेरून बघ. उघडला की किंमत अर्धी."

मित्राच्या हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये काचेचं कपाट आहे. त्यात असे शंभरावर योद्धे आपापल्या फुग्यांत श्वास कोंडून उभे आहेत. एकानेही आजवर लढाई पाहिलेली नाही. मी त्यांना एकदा 'बाहुल्या' म्हणालो तर तो दुखावला. "ॲक्शन फिगर म्हण." हा शब्दसुद्धा अशाच दुखावलेल्यांसाठी जन्मला आहे. १९६४ मध्ये हॅसब्रो कंपनीने जी.आय. जो नावाचा फूटभर उंचीचा सैनिक काढला. मुलगे बाहुली घेणार नाहीत, ही भीती. म्हणून तिला 'ॲक्शन फिगर' म्हटलं. साठ वर्षं झाली, जगभरचे बाप्ये त्या दोन शब्दांच्या आडोशाने बाहुल्या खेळत आहेत. आणि आता तर खेळतही नाहीत, नुसत्या ठेवतात.

बायकोने हे संभाषण ऐकलं. तिने मुकाट्याने कपाट उघडून एक इरकल काढली. आमच्या लग्नातली. "हिची घडी मी अजून मोडली नाही म्हणून तू मला किती वेळा हसलास?" मी म्हटलं, "बऱ्याच." ती म्हणाली, "मग तुझ्या मित्राला सांग, साडी घडीत ठेवली की घडीवरच विरते." अण्णांनी मान डोलावली. कापडाच्या बाबतीत ते सुनेचं लगेच ऐकतात.

आमचा वाद चालू असताना मागून टर्रकन आवाज आला. लेकीने पुठ्ठा फाडला होता. "किल्ल्याला पाहिजे होता," ती म्हणाली.

आमच्या अंगणात दरवर्षी दिवाळीचा किल्ला होतो. १९८९ च्या दिवाळीत मी जुन्या हीमॅनला त्यावर बुरुजाशी उभं केलं होतं. तो मातीच्या मावळ्यांच्या दुप्पट आणि खुद्द महाराजांपेक्षा उंच. आजोबांनी विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, "मावळा." आजोबा म्हणाले, "मावळा महाराजांपुढे असा ताठ उभा राहत नाही. त्याला मुजरा करता येतो का?" मी खूप प्रयत्न केला. कोपर वळेना, गुडघा वाकेना. शेवटी त्याची बदली किल्ल्याच्या पायथ्याशी, अळिवाच्या शेतात झाली, आणि पूर्ण दिवाळी त्याने तिथे बुजगावण्याचं काम केलं.

लेकीने नव्याला सिंहासनासमोर नेलं. डावा गुडघा टेकवला, उजवं कोपर वळवलं, मनगट कपाळाशी आणलं, मान किंचित खाली केली. तो जरा डुगडुगला आणि स्थिर झाला. १६ सांध्यांतला प्रत्येक सांधा त्या दिवशी कामी आला. आजोबा असते तर त्यांनी त्याला निदान पाचशेची मनसब दिली असती. मी बराच वेळ काही बोललो नाही. छत्तीस वर्षं अडलेला मुजरा डोळ्यांदेखत झाला होता.

संक्रांतीला मित्र गड्ड्यासाठी आला आणि खोक्याचं खरं कारण बाहेर पडलं. आता ती तलवार. जुन्या खेळण्यांत हीमॅनला राखाडी अर्धी तलवार आणि स्केलेटरला जांभळी अर्धी. दोन्ही एकमेकींवर बसवल्या की एक अख्खी व्हायची. पाचवीत आमचं भांडण झालं. तलवार जोडलेली होती. रागाच्या भरात ओढाताण झाली आणि ज्याच्या हातात जी आली ती घेऊन जो तो घरी गेला. जांभळी माझ्याकडे, राखाडी त्याच्याकडे. पंधरा दिवसांत दोस्ती झाली, पण तलवारी परत करायचं दोघांनीही काढलं नाही.

"तुझ्याकडचा जांभळा तुकडा दे," तो म्हणाला. "माझा स्केलेटर पूर्ण होईल. बदल्यात नवा हीमॅन दिलाच आहे."

"म्हणजे भेट नव्हती?"

"फुकट कोण देतं बे?"

त्याने खिशातून राखाडी तुकडा काढला. टिशूपेपरात, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर चष्म्याची डबी. मी जांभळा आणला. देवाणघेवाणीआधी एकदा जोडून बघू म्हणालो. बसेनात. इतक्या वर्षांत एक डावीकडे वाकला होता, एक उजवीकडे. चाळिशी ओलांडलेली दोन माणसं दिवाणखान्यात बसून दोन काडीएवढे तुकडे एकमेकांवर दाबत होती आणि अण्णा लांबून बघत होते. शेवटी लेकीने केसांचं रबर काढून दोन्हींना गुंडाळलं आणि अख्खी तलवार नव्या हीमॅनच्या हातात दिली. त्याचं मनगट फिरतं, त्यामुळे ती त्याने नीट वर धरली. मित्राने एकदा तलवारीकडे पाहिलं, एकदा फाटलेल्या पुठ्ठ्याकडे. मग म्हणाला, "राहू दे तिच्याकडं." जाताना त्याने विचारलं, "माझ्या कपाटातला स्केलेटर आणू का पुढच्या वेळी? बंद आहे. उघडू."

तर निकाल. मुजऱ्यात नवा सरस, ठोशात जुना. उभं राहण्यात नवा, बसण्यात जुना. मी 'नवाच चांगला' असं लिहून वही अण्णांपुढे सही करायला ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली. "एक धुणं तरी झालं का?"

गेल्या रविवारी झालं. लेक रात्री त्याला कुशीत घेऊन झोपते. सकाळी बायकोने तिची चादर उचलली आणि न झटकता मशीनमध्ये टाकली. अर्ध्या तासाने आतून ठोके येऊ लागले तेव्हा सगळे धावलो. हीमॅन चादरीच्या घड्यांतून ओलाचिंब निघाला, एक हात वर, तलवारीशिवाय. अण्णांनी त्याला खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. मग चादर उलगडून इंच इंच तपासली. कुठेही पिवळा डाग नव्हता.

"रंग सुटला नाही," ते म्हणाले, आणि वहीत एक रेघ मारली. अजून दोन बाकी आहेत.